महाराष्ट्राबाहेर राहणारे सोलापूरकर: ओढ पण आहे, राग पण आहे, तुमचं काय?

सिद्धू_मियापूर:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय. मी सोलापूरच्या शेळगीत वाढलो, शिक्षण सोलापूर आणि मग पुणे, नोकरीनं हैदराबादला आणलं आणि आता मियापूरला घर आहे. पुण्यात होतो तोवर मी सोलापूरचा होतो. हैदराबादला आलो आणि एकदम अख्ख्या महाराष्ट्राचा झालो. इथल्या लोकांना मुंबई, पुणे आणि शिर्डी ठाऊक, त्यामुळं राज्याबद्दल काही बरंवाईट बातमीत आलं की ऑफिसात मलाच विचारतात. आणि मी सांगतो पण, तावातावानं सांगतो, आमच्या राज्याला कुणी नाव ठेवलं की मला सहन होत नाही.

पण सोलापूरला गेलो की तिसऱ्या दिवसापासून माझीच चिडचिड सुरू होते. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, रस्ता उकरून ठेवलेला, शाळेतलं कुणी भेटेल म्हणून नवी पेठेत चक्कर मारावी तर सगळे पुण्याला गेलेले. मग आईबाबांसमोर मीच बोलतो की या राज्यानं आपल्यासाठी काय केलं. परतीला गाडी नळदुर्ग, उमरगा ओलांडून पुढं गेली की पोटात कालवतं ते वेगळंच.

आता विषय नुसता मनातला राहिला नाही म्हणून लिहितोय. कंपनीनं घरून काम कायमचं दिलंय. आईबाबा शेळगीत दोघंच आहेत. मुलगी सातवीत आहे. बायको बार्शीची, ती म्हणते परत चला. माझं मन एक दिवस हो म्हणतं, एक दिवस नाही. ज्यांना असं होतं त्यांनी लिहा, आणि जे परत आले त्यांनी काय बघून ठरवलं तेही सांगा.

अप्पू_सातरस्ता:
काय बे सिद्धू, यंदा गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला आलता का नाही ते सांग आधी.

सिद्धू_मियापूर:
@अप्पू, आलतो की. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशीच होतो.

अप्पू_सातरस्ता:
मग तू सोलापूरचाच हायस, धागा बंद करा :)

रेश्मा_ब:
धागा बंद नका करू, मला लिहायचंय.

मी बेंगळुरूला असते, लग्नानंतर आलो तेव्हापासून. माझा राग सिद्धूंपेक्षा जरा वेगळा आहे. पुण्यात हॉस्टेलवर असताना मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, सोलापूर म्हणजे कर्नाटकातच येतं ना? माझ्या बोलण्यातल्या हेलावर मुली हसायच्या, "येऊलालीस का, जेवूलालीस का" असं माझ्याच तोंडावर म्हणून दाखवायच्या. म्हणजे स्वतःच्या राज्यात मी अर्धी परकी. आणि मग खऱ्या कर्नाटकात आले तर इथं मी शंभर टक्के "महाराष्ट्रावाली". २०२२ च्या डिसेंबरात सीमावाद पेटला, बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तेव्हा आमची एमएच-१३ ची गाडी आम्ही कितीतरी दिवस पार्किंगमधून बाहेर काढली नाही. सासऱ्यांचा रोज फोन, विजापूरवरून येऊ नका, रेल्वेनं या.

त्या दिवसांत मला लख्ख कळलं की मला महाराष्ट्राचं प्रेम आहेच, पण ते एकतर्फी वाटतं. आम्ही त्याच्यासाठी गाडी लपवून बसतो आणि त्याला आम्ही नकाशावर कुठं आहोत तेही नीट ठाऊक नाही. कडू बोलले असेन, पण खरं बोलतेय.

कुंभारवेस:
रेश्माताई, एकेक शब्द पटला. मुंबईत इंटरव्ह्यूला मला सांगितलं होतं, मराठी "शुद्ध" करून या. नोकरी कॉल सेंटरची, बोलायचं होतं इंग्रजीत!

भीमाकाठ:
मी सोलापुरातच असतो, कायमचा. थोडं कडक लिहितोय, राग मानू नका.

पाणी चार दिवसाआड येतं हे तुम्हाला सुट्टीत आल्यावर कळतं. आम्ही त्या हिशोबानं लग्नाच्या तारखा, पाहुणे, फरशी पुसणं सगळं ठरवतो. आणि हे पाऊस कमी आहे म्हणून होतं असं म्हणून सोडून देऊ नका. पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर हे आपल्या आजोबांच्या काळातही तेवढंच होतं. उजनी ११७ टीएमसीचं धरण, आपल्याच जिल्ह्यात, आणि शहराला पाणी शंभर किलोमीटरवरून ओढून आणायचं. जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने, त्यांना ऊस पाहिजे, उसाला पाणी पाहिजे. पाणी कुठं मुरतं ते शेंबड्या पोराला ठाऊक आहे. याच्यावर बोलायला, निवडणुकीत उमेदवाराला दारात अडवून विचारायला जी माणसं पाहिजेत, शिकलेली, तिशी-पस्तिशीतली, ती सगळी तुमच्यासारखी बाहेर. जुळे सोलापुरात संध्याकाळी चक्कर मारा, एकेका बंगल्यात म्हातारा-म्हातारी आणि टीव्ही. पोरगं पुण्याला, पोरगी बेंगळुरूला.

तर ओढ पण आहे आणि राग पण आहे हे ठीक आहे. रागाचं काम इथं राहून करावं लागतं एवढंच माझं म्हणणं.

नान्नज_माळरान:
भीमाकाठ काका, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण तो आम्हाला लागू करू नका. मी इंजिनिअर झालो तेव्हा सोलापुरात माझ्या शाखेची सरळ नोकरी कुठं होती? दाखवा. चिंचोळी एमआयडीसीत मी स्वतः अर्ज घेऊन फिरलोय. जो पगार सांगितला त्यात पुण्याचं कॉट बेसिसचं भाडं निघालं नसतं, आणि घरी बहिणीचं लग्न व्हायचं होतं. पोरं हौसेनं जात नाहीत. रविवारी संध्याकाळी स्टेशनावर जाऊन बघा पुण्याच्या गाड्यांना काय गर्दी असते. आया डबे घेऊन उभ्या असतात खिडकीपाशी.

भीमाकाठ:
पटलं तुझं. पोरांवर माझा राग नाहीच रे. मिलची शिट्टी बंद झाल्यावर या शहरात दुसरं काही उभंच केलं नाही कुणी, त्यांच्यावर आहे. १८७७ ची जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, एकेकाळी आख्ख्या गावाचं घड्याळ भोंग्यावर चालायचं. माझे वडील लक्ष्मी-विष्णूत होते. नव्वदच्या दशकात ती बंद पडली तेव्हा मी कॉलेजला होतो, वडील सकाळी उठून डबा भरून घ्यायचे आणि डबा घेऊन कंबर तलावावर जाऊन बसायचे. आईला वाटायचं दुसरीकडं कामाला लागलेत. हे आमच्या गल्लीत एकाच्या नाही, अनेकांच्या घरी झालं.

रेश्मा_ब:
काका, नमस्कार तुम्हाला. यावर काय लिहावं सुचत नाही.

पूर्वभाग_पोरगा:
आता मी लिहितो, कारण तुम्हा सगळ्यांचं निदान "माझं राज्य" कोणतं ते ठरलेलं आहे.

आम्ही पद्मशाली. पणजोबा करीमनगरकडून विणकाम करत सोलापूरला आले. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी, मित्रांत दोन्हीची खिचडी, वर थोडं कन्नड. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ आणि नवरात्रात आमच्या अंगणात बतुकम्मा, गड्ड्याला पण सगळ्यात पुढं आम्हीच. मला कधी प्रश्नच पडला नव्हता मी कुठला. मग नोकरी लागली हैदराबादला. घरचे म्हणाले, चांगलं झालं, आपल्या लोकांत चाललास. पहिल्या दिवशी मी तेलुगूत बोललो आणि शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, तू महाराष्ट्राचा का? तुझी तेलुगू जुनी आहे, आमची आजी असं बोलते. म्हणजे महाराष्ट्रात तेलुगूवाला आणि तेलंगणात मराठीवाला.

आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. आम्ही महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात येतो, म्हणजे एसबीसी. तेलंगणात पद्मशाली मागासवर्गाच्या बीसी-बी गटात आहेत. जात तीच, आडनाव तेच, पण इकडचा दाखला तिकडं चालत नाही. माझ्या चुलत भावाच्या मुलाचं नेमकं यात अडकलं.

तरी पण सांगतो, माझं घर सोलापूर. वडिलांचा जेकार्ड माग होता, घराच्या पुढच्या खोलीत. चादरीवरचा मोर कसा उमटतो बघितलंय का कुणी? पुठ्ठ्याची पट्टी-पट्टी जोडून लांब माळ केलेली असते, प्रत्येक पट्टीवर भोकं पाडलेली, ती माळ मागाच्या डोक्यावर फिरत राहते, भोक आलं की तो धागा वर उचलला जातो, नाही तिथं खाली राहतो, मधून धोटा जातो. लहानपणी मी त्या पट्ट्या उन्हात धरून भोकातून बघायचो, मोर शोधायचो, कधी दिसला नाही. आणि खाली बघावं तर चादरीवर हळूहळू चोच, मग मान, मग पिसारा. रात्री लाईट जायची आणि माग थांबायचा, तर त्या शांततेनं मला जाग यायची, आवाजानं नाही.

आता माग भंगारात गेला. वडील एका टॉवेलच्या कारखान्यात उभ्यानं काम करतात. आपल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर "सोलापुरी चादर" म्हणून काय काय विकतात ते बघून माझं डोकं फिरतं. मी महाराष्ट्रावर रागावतो तो याच्यासाठी. नाव आमचं वापरतात आणि माग चालवणाऱ्याला वीजबिल परवडत नाही.

सिद्धू_मियापूर:
@पूर्वभाग_पोरगा, भाऊ तू हैदराबादला कुठं असतोस? भेटू. मी धागा काढताना असं कुणाचं असेल असं डोक्यातच नव्हतं आलं. खूप आतून लिहिलंस.

पूर्वभाग_पोरगा:
उप्पलला. या कधीपण. आई आली की मक्याच्या पिठाचे नाही, ज्वारीचेच धपाटे मिळतील, सोलापूरच्या ज्वारीचे.

कुंभारवेस:
ज्वारीचं नाव काढलं की संपलंच. मंगळवेढ्याची मालदांडी नसेल तर ती भाकरी नाही. बेंगळुरूला जी ज्वारी मिळते तिची भाकरी थापताना कडेनं फाटते.

रेश्मा_ब:
पीठ जुनं झालं की फाटते, ज्वारीचा दोष नाही. दळून आणून आठवड्यात संपवायचं, आणि पाणी उकळतं पाहिजे. मी इथंही करते रोज.

मिरची_आजी:
मुलांनो मी वाचत असते तुमचं. शेंगा चटणीबद्दल कुणी कसं लिहिलं नाही. मुलीकडं सुरतला असते सहा-सहा महिने. तिथं सगळं छान आहे, रस्ते छान, वीज जात नाही. पण शेंगदाणे भाजून, लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून उखळात कुटताना दाण्याला तेल सुटतं आणि चटणी बत्त्याला धरायला लागते, तिथं थांबायचं. आणखी कुटलं तर लगदा होतो. मिक्सरला ते जमत नाही, त्याचं पीठ होतं. मुलीच्या फ्लॅटमध्ये खालचे लोक कुटण्याच्या आवाजाची तक्रार करतात. म्हणून मी सोलापूरला आले की वर्षाची... वर्षाची नाही टिकत, पण महिना-दीड महिन्याची करून नेते.

अप्पू_सातरस्ता:
आजी मला पण पार्सल करा, मी तर सात रस्त्यावरच राहतो पण आमच्या हिला मिक्सरचीच येते.

मिरची_आजी:
तिला पाठव माझ्याकडे. आणि तू पण ये, तुलाही यायला पाहिजे कुटता.

कडक_भाकरी_फॅन:
विमानातून कडक भाकरी नेताना काय त्रास होतो कुणाला? मी शंभराची चवड दिल्लीला नेतो, तिथं स्कॅनरवाला दरवेळी पिशवी उघडायला लावतो. एकदा एकानं खाऊन बघितली, दह्याबरोबर खा म्हणून सांगून आलो.

नान्नज_माळरान:
विमानावरून आठवलं, आता आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ पासून गोव्याला आणि मग मुंबईला पण सुरू झालं की. त्या एका विमानासाठी २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची एवढी मोठी चिमणी पाडली, किती वर्षं भांडण चाललं होतं त्याच्यावर.

भीमाकाठ:
चिमणीवर धागा वेगळा काढा, इथं नको. त्यावर माझ्या घरात दोन पक्ष आहेत आणि दोघांचंही जेवण माझ्या हातात आहे.

दक्षिण_अक्कलकोट:
थोडं मूळ विषयावर. मी अक्कलकोट तालुक्यातला, मातृभाषा कन्नड, सध्या पुण्यात. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरची बरीच गावं कर्नाटकाला द्यावी असं म्हटलं होतं, तेव्हापासून आमच्याकडं हा विषय अधूनमधून निघतोच. २०२२ च्या शेवटी आमच्या भागातल्या काही गावांनी "कर्नाटकात जातो" म्हणून ठराव केले. पुण्यात मला लोक विचारायला लागले, तुमच्या लोकांना महाराष्ट्र नको झाला का?

ठराव करणाऱ्यांत माझा मामा होता. त्याला मी फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, पलीकडच्या गावाला रस्ता झाला, पाणी आलं, आमच्या पोरी अजून चिखलातून शाळेला जातात. आम्ही किती निवेदनं दिली कुणी विचारलं नाही, ठराव केला तर टीव्हीवाले आले. मामाच्या घरात भिंतीवर शिवाजी महाराजांचा फोटो आहे, बसवेश्वरांचा पण आहे, दोन्हीला रोज हार असतो. त्याला राज्य सोडायचं नव्हतं, त्याला रस्ता पाहिजे होता. लांब बसून लोकांनी त्याला गद्दार ठरवलं याचा मला आजही राग येतो.

रेश्माताई, तुमचं "एकतर्फी" वाचलं आणि मामाच आठवला.

रेश्मा_ब:
मामांना माझा नमस्कार सांगा.

प्रोफेसर_रेल्वेलाईन्स:
सगळे प्रतिसाद वाचले. एक आठवण करून द्यावीशी वाटते. १९३० च्या मे महिन्यात या गावानं इंग्रजांचा लष्करी कायदा सोसला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघं फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नावं वाचा. या गावातल्या चार वेगवेगळ्या घरांतली माणसं आहेत ती. तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हतं, ते १ मे १९६० ला झालं. म्हणून पूर्वभागच्या मुलाला किंवा अक्कलकोटच्या भावाला कुणी "तुम्ही नेमके कुठले" असं विचारलं तर चार हुतात्मा चौकात नेऊन उभं करावं असं मला मनापासून वाटतं. राज्यानं या गावाला सामावून घ्यायचं तर सगळ्या भाषांसकट घ्यावं.

पूर्वभाग_पोरगा:
सर, धन्यवाद. हे मी वडिलांना वाचून दाखवणार.

वैशाली_परत_आले:
सिद्धूंनी विचारलं होतं परत आलेल्यांनी लिहा, तर अजून कुणी लिहिलेलं दिसत नाही म्हणून मी लिहिते. आम्ही चेन्नईला बरीच वर्षं होतो, सासूबाईंचं हाड मोडलं त्याच्यानंतर परत आलो.

पहिलं वर्ष अवघड जातं हे खरं सांगते, गोड बोलत नाही. चेन्नईत मला कुणी ओळखत नव्हतं, मी जीन्सवर भाजी आणायला जायचे. इथं भाजीवालीपासून सगळे विचारतात, "परत का आलाव? नोकरी गेली का साहेबांची?" लोकांना कुणी आपणहून परत येतं हे पटतच नाही. नवऱ्याला काही महिने मित्रच नव्हते, सगळे बाहेर. उन्हाळा त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा, त्याची सवय मोडलेली. मुलगा चिडायचा.

पण बरं काय झालं तेही ऐका. सासूबाईंचं ऑपरेशन, पुढची फिजिओथेरपी, सगळं इथंच झालं. आपल्याकडं कलबुर्गी, विजापूर, धाराशिवहून पेशंट येतात, दवाखान्यांच्या बाबतीत सोलापूर मागे नाही. चेन्नईला मी ज्या डॉक्टरांकडं जायचे त्यांना कन्सल्टिंग फी घेऊनही माझं नाव माहीत नव्हतं, इथले डॉक्टर सासूबाईंना "आज्जी चालून दाखवा" म्हणतात. दुसरं म्हणजे माझ्या हाताला काम मिळालं. कुंभारीजवळ विडी कामगारांची मोठी वसाहत आहे, पुढं रे नगर पण झालं, २०२४ च्या जानेवारीत तिथली पंधरा हजार घरं दिली. तिथल्या बायकांच्या मुलींना मी संध्याकाळी गणित शिकवते. त्या आया हजार विड्या वळल्याशिवाय उठत नाहीत, पाने कातरायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, बोलता बोलता बोटं चालू. एकीनं मला विचारलं, मॅडम, तुम्ही एवढ्या लांबून परत आलात, आमच्या पोरींनी जायचं का इथंच राहायचं? मी म्हटलं शिकून जाऊ दे, जिथं काम मिळेल तिथं जाऊ दे. आणि मला हे बोलताना काही चुकीचं वाटलं नाही. मी परत आले म्हणून सगळ्यांनी यावं असं मला अजिबात वाटत नाही. भीमाकाठ काका, तुमच्याशी इथं माझं जुळत नाही.

महाराष्ट्रावरचा राग म्हणाल तर तो इथं आल्यावर वाढला. लांबून तो मोघम होता, आता त्याला वॉर्ड नंबर आहे, पाईपलाईन आहे, तारीख आहे. प्रेमाचं पण तसंच झालं.

भीमाकाठ:
वैशालीताई, जुळत नसलं तरी तुम्ही जे करताय तेच मी म्हणत होतो. तो वर्ग कुठं भरतो ते कळवा. माझी बायको निवृत्त शिक्षिका आहे, घरात बसून कंटाळली आहे.

वैशाली_परत_आले:
अरे वा! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. विज्ञानाला माणूस पाहिजेच आहे.

कागदपत्र_गुरू:
भावना सगळ्यांनी लिहिल्या, मी सिद्धूभाऊंच्या मुलीबद्दल लिहितो कारण ती सातवीत आहे आणि वेळ थोडा आहे.

मुलीला पुढं मेडिकलला जायचं असेल तर नीट लक्ष द्या. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून पाहिजे असेल तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून लागते, शिवाय डोमिसाईल. काही सरकारी नोकरांच्या मुलांना सूट असते, तुम्ही खाजगीत आहात. इंजिनिअरिंगला जरा सैल आहे, तिथं आईवडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं डोमिसाईल असलं तरी वाट निघते. तेलंगणाचे स्थानिक ठरण्याचे नियम त्यांचे वेगळे आहेत, ते सलग किती वर्षं तिथं शिकली ते बघतात. नववी-दहावी इकडं आणि अकरावी-बारावी तिकडं असं केलं तर दोन्हीकडून हात रिकामे राहू शकतात. माझ्या ओळखीत झालंय. म्हणून जे ठरवायचं ते आठवी संपेपर्यंत ठरवा, आणि राज्यातल्या प्रवेशांचं बघणाऱ्या सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, कुणाच्या व्हॉट्सअॅपवर जाऊ नका.

दुसरं, मराठी. तेलंगणात २०१८ च्या कायद्यानं शाळेत तेलुगू सक्तीची आहे आणि महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं मराठी. मुलीनं आतापर्यंत तेलुगू घेतली असणार. इकडं आल्यावर मराठी लिहायला कच्ची पडेल, त्याची तयारी आत्तापासून घरी करा.

सिद्धू_मियापूर:
कागदपत्र गुरू, तुमचे आभार कसे मानू. हे मला इथं कुणीच सांगितलं नव्हतं.

मुलीला मराठी वाचता येतं, लिहायला अडखळते. तिला मी काल विचारलं, तुला कुठलं राज्य आपलं वाटतं? तिनं विचारलं की बाबा, एकच निवडायचं का? मी म्हटलं नाही. ती लगेच म्हणाली मग शाळा इथली आणि आज्जी तिथली. तिला सोलापुरात आवडतं ते फक्त गड्डा आणि होम मैदानावरचे पाळणे, आणि शेजारच्या घरातलं मांजर. तिला तिथं पूर्ण उन्हाळा काढायला लावायचा असं बायकोनं आणि मी ठरवलंय. एप्रिल-मे मी तिथून काम करणार. सुट्टीतले चार दिवस नाही, खऱ्या उन्हाळ्यातले, पाण्याच्या दिवसांचे, लाईट गेल्याचे. मी पण बघतो माझी चिडचिड कुठवर जाते. त्याच्यानंतर आठवीला शाळेचं ठरवू.

एक मात्र वाचून वाचून माझ्या लक्षात आलं. मला राग येतो तो दुसऱ्या कुठल्या राज्याचा येत नाही. इथं मियापूरला पण पाणी तुंबतं, रस्ते खोदतात, मी टँकर मागवतो आणि गप्प बसतो. सोलापूरला तेच दिसलं की मला भांडावंसं वाटतं. मला भांडायचं आहे तिथं. वैशालीताई म्हणाल्या तसं, वॉर्ड नंबर घेऊन.

नान्नज_माळरान:
सिद्धू, ये. आणि हुरड्याच्या दिवसात ये, एप्रिलात येऊन काय बघणार? नान्नजला आमच्या रानात या सगळे, माळढोक दिसेल याची खात्री नाही देत पण काळवीट नक्की दिसतील.

दक्षिण_अक्कलकोट:
येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला आमच्याकडं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं रानातच. पूर्वभाग, तू पण ये, उप्पलहून सिद्धूच्याच गाडीत.

पूर्वभाग_पोरगा:
नक्की. धपाटे माझ्याकडून.

रेश्मा_ब:
मला पण धरा. यावेळी एमएच-१३ घेऊनच येणार, विजापूरवरून.

भीमाकाठ:
सिद्धू, एप्रिलात येणार आहेस तर एक सांगतो. शेळगीतल्या घरावर टाकी केवढी आहे? हजार लिटरची असेल तर ती चौघापाचांना पुरायची नाही. खाली हौद असेल तर आधी तो साफ करून घे, मोटर तपासून घे आणि दोन हजारची टाकी मार्चमध्येच बसव, एप्रिलात प्लंबर सापडत नाहीत. माझा एक ओळखीचा माणूस आहे, नंबर व्यनित टाकतो.

सिद्धू_मियापूर:
काका, हजारचीच आहे. नंबर टाका, बाबांना आजच सांगतो.